पांढऱ्या अंड्यांतला धूर

माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसवलं होतं. मला वाटलं, वारा लागावा म्हणून. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर कळलं की वारा वगैरे काही नव्हतं, त्या मला उजेडाला धरून बघत होत्या. घरी जाऊन त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, निकालही सांगितला होता. "माल एक नंबर. कवच जरा जाड आहे." हे ऐकून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "बघ, जाड आहे की नाही?"

सासूबाई एकतीस वर्षं अंडी तपासत होत्या. आसपासच्या सगळ्या पोल्ट्र्यांची अंडी आमच्या केंद्रावर येतात, तिथे त्यांना नंबर मिळतो, शिक्का बसतो आणि मग ती बाजारात जातात. एक नंबर दवाखान्याला आणि मोठ्या दुकानांना, दोन नंबर किरकोळ विक्रीला आणि तीन नंबर बेकरीला, तेही फोडून. हा नंबर द्यायचा अधिकार एकट्या सासूबाईंकडे. केंद्राच्या मागच्या अंगाला बिनखिडकीची खोली आहे. दाराला काळा जाड पडदा, आत एक टेबल आणि टेबलावर पत्र्याचा डबा. डब्यात दिवा आणि डब्याला अंड्याएवढं एक भोक. अंडं त्या भोकाशी धरलं की आतलं सगळं दिसतं. दिसतं म्हणजे त्यांना. मला पहिलं वर्षभर फक्त नारिंगी गोळा दिसायचा.

त्या दोन्ही हातांत दोन दोन अंडी घ्यायच्या. एक जोडी उजेडाशी, तिला मनगटाचा एक झटका, तोवर दुसरी जोडी वर येत असायची. हवेची पोकळी केवढी आहे यावरून अंडं किती दिवसांचं ते कळतं, बलक किती सैल हलतो त्यावरून आतलं पांढरं घट्ट की पातळ ते कळतं, आणि रक्ताचा ठिपका असला तर तो लपत नाही. केसासारखा बारीक तडा मात्र डोळ्याला नाही, कानाला सापडतो. दोन अंडी एकमेकांवर हलकेच आपटली की चांगल्यांचा आवाज 'टक' येतो, तडा गेलेल्याचा बसका. हे सगळं त्या बोलता बोलता करायच्या. मिनिटाला एक ट्रे, म्हणजे तीस अंडी. पोल्ट्रीवाले त्यांना एक्सरेबाई म्हणायचे. तोंडावर नाही, एवढी हिंमत कोणात होती!

आल्या होत्या त्या ट्रे धुवायला. आधीचा तपासनीस एकदा आजारी पडला, माल दारात खोळंबला, आणि ट्रे धुता धुता पडद्याच्या फटीतून बघून शिकलेल्या या बाईने ओले हात पदराला पुसले आणि काम संपवलं. तपासनीस बरा होऊन आला तेव्हा त्याने त्यांनी काढलेली अंडी परत बघितली आणि खुर्ची सोडून स्टूलवर बसला, असं म्हणतात. सांगणाऱ्या स्वतः सासूबाईच असल्यामुळे स्टूलचं मी सोडून देते. बाकीचं खरं आहे.

मी त्याच केंद्रात नोंदी लिहिते. नोकरी त्यांनी लावून दिली नाही, हे आधीच सांगून ठेवते. उलट साहेबांना त्या म्हणाल्या होत्या, "अक्षर बघून घ्या, घरची म्हणून घेऊ नका." घरी मी 'सूनबाई' आणि 'तू', केंद्रात 'कारकूनबाई' आणि 'तुम्ही'. सकाळी 'ए, डबा विसरू नकोस' म्हणणारी बाई अर्ध्या तासाने 'कारकूनबाई, जरा वही आणता का?' म्हणते तेव्हा हसू दाबायला फार त्रास होतो.

घरात त्यांचा जाच म्हणावा तर नव्हता आणि नाही म्हणावं तर रोज होता. भाजीवाला त्या दिसल्या की टोमॅटोवर पोतं टाकायचा. शेजारच्या पोराला त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, "चांगला आहेस, पण हवेची पोकळी वाढत चाललीय." पण हीच बाई सख्ख्या भावाच्या अंड्यांना दोन नंबर देऊन आली होती. भाऊ वर्षभर घरी आला नाही. कोणी विचारलं की म्हणायच्या, "भाऊ एक नंबर आहे हो. अंडी दोन नंबर होती." वर्षाने तो आला, जेवला आणि जाताना कोंबड्यांच्या खाद्यात काय घालू ते विचारून गेला. त्यांच्या शब्दाला वजन होतं ते असं आलं होतं, फुकट नाही.

आता ड्रिलबाईंचं सांगते. शाळेत त्या ड्रिल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी साडेचारशे कोंबड्या पाळल्या, त्याही पांढरी अंडी देणाऱ्या. बाकी सगळ्यांची अंडी तपकिरी, यांचीच पांढरी. पासष्टाव्या वर्षीसुद्धा कमरेत वाक नाही. कोंबड्यांनाही त्या शिटीवर आत घेतात आणि त्या येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांचं एकूण एक अंडं दवाखान्यात जायचं. सहा वर्षांत केंद्राच्या ओट्यावरच्या फळ्यावर त्यांच्या नावापुढे एक नंबर सोडून दुसरं काही मी लिहिलं नव्हतं.

मग अचानक एका खेपेला दोन नंबर आला. पुढच्या खेपेलाही तोच. आमच्याकडे नियम असा की लागोपाठ तीन खेपा दोन नंबर आल्या तर पोल्ट्रीचं नाव एक नंबरच्या यादीतून वर्षभरासाठी कमी होतं. दवाखाना यादीबाहेरचं अंडं घेत नाही. थोडक्यात, तिसरी खेप गेली की ड्रिलबाईंचा धंदा बसला.

तिसरी खेप गुरुवारी आली. बारा ट्रे. सासूबाई आत गेल्या, मी पडद्याबाहेर वही घेऊन बसले आणि ड्रिलबाई माझ्या शेजारी सावधानमध्ये उभ्या राहिल्या. एरवी आतून टक टक आवाज एका लयीत येतो. त्या दिवशी तो मध्येच थांबत होता. बऱ्याच वेळाने पडदा सरकला.

"दोन नंबर," सासूबाई म्हणाल्या.

ड्रिलबाई वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, मला एकदा दाखवाल?"

एकतीस वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी पडदा धरला आणि आम्ही तिघी त्या खोलीत कशाबशा मावलो. त्यांनी एक अंडं उजेडाशी धरलं.

"हे बघा. मधोमध धूर दिसतोय ना? पांढरं पातळ पडलंय."

"मला तर लख्ख दिसतंय हो."

"त्याला डोळा तयार असावा लागतो."

ड्रिलबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच. मी खाद्य बदललं, पाण्याची टाकी बदलली, औषध पाजलं. आता कोंबड्यांतच दोष आहे म्हणायचा. उद्या संध्याकाळी कोंबडीवाल्याला बोलावलंय टेम्पो घेऊन. सगळ्या देऊन टाकते."

"सगळ्या?" मी विचारलं.

"साडेचारशे कोंबड्यांचे लाड करत बसायला मी काय संस्थान आहे?" त्या म्हणाल्या आणि गेल्या. चाल नेहमीचीच होती, पण दाराशी त्यांनी चौकटीला हात लावला. मी फळ्यावर त्यांच्या नावापुढे दोन लिहिलं. खडू मोडला.

जेवायच्या सुट्टीत सासूबाई बाहेर आल्याच नाहीत. मी डबा घेऊन पडद्याशी गेले तर आतून हाक आली, "ए, इकडे ये." केंद्रात त्यांनी मला 'ए' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांच्या हातात तेच पांढरं अंडं होतं. त्या ते उजेडाशी सावकाश फिरवत होत्या.

"अंडं फिरवलं की आतलं सगळं फिरतं. ठिपका असो, बलक असो, काही असो," त्या म्हणाल्या. "हा धूर फिरत नाही. जागच्या जागी आहे."

"म्हणजे?"

त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि बघितलं. हात काढला, बघितलं. पुन्हा झाकला. मग तपकिरी अंडं घेतलं आणि तसंच केलं. मला काही कळेना. शेवटी त्यांनी बशी पुढे ओढून ते पांढरं अंडं फोडलं. बलक गोल, उंच, घट्ट उभा राहिला आणि भोवतालचं पांढरं त्याला धरून राहिलं, पसरलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? एवढं ताजं अंडं मी महिन्याभरात पाहिलं नव्हतं.

"धूर अंड्यात नाही," सासूबाई म्हणाल्या आणि स्टूलवर बसल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ मला स्वतःची लाज वाटली. महिनाभर त्या मला सुईत दोरा ओवून मागत होत्या, आणि मी म्हणत होते, "एक्सरे बिघडला वाटतं!"

साहेब आमचे वाईट नाहीत, भित्रे आहेत. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "बाई, आजचा नंबर मी बदलतो. लिहिताना चूक झाली म्हणू. त्यांचं नाव यादीत राहील, प्रश्न मिटला. बाहेर कुठे बोलू नका. एक्सरेबाई चुकल्या असं एकदा का बाहेर गेलं की गेल्या एकतीस वर्षांत ज्याला ज्याला दोन नंबर मिळालाय तो उद्या दारात उभा राहील. केंद्राचा शिक्का तुमच्या डोळ्यावर चालतो."

"तेच म्हणतेय मी," सासूबाई म्हणाल्या. "डोळा नापास आहे."

संध्याकाळी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की उजेड जितका प्रखर तितकं धुरकट दिसणार. तपकिरी कवच उजेड अडवतं, पांढऱ्यातून तो भसकन येतो. ऑपरेशन साधं आहे, दोन महिन्यांत डोळा नव्यासारखा होईल. हे ऐकून मला हायसं वाटलं, आणि इथे मला माझंही एक सांगायला हवं. परत येताना मी त्यांना म्हटलं, "मग साहेब म्हणतात तेच बरोबर आहे. दोन महिने सुट्टी घ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. ड्रिलबाईंना मी आत्ता फोन करून सांगते की नंबर लिहिताना माझ्याकडून चुकलं. मी कारकून, माझं काय जातंय?"

मला वाटलं होतं, त्या निदान बरं वाटल्यासारखं करतील. सून सासूची चूक आपल्या डोक्यावर घेतेय, असं रोज घडत नाही.

"आणि आधीच्या दोन खेपांचं काय?" त्या म्हणाल्या. "त्या बाईला तिकडे वाटतंय की कोंबड्या बिघडल्यात. डोळा माझा गेला आणि टेम्पोत चढणार कोंबड्या. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मग खरं सांगा, पण फोनवर सांगा. एकटीला. सगळ्या गावाला कशाला?"

"नंबर फळ्यावर चारचौघांत लावला ना? मग चूक कानात कशी सांगायची?"

मला राग आला. इतका आला की घरी येईपर्यंत मी त्यांच्या दोन पावलं पुढे चालत राहिले. एकतीस वर्षांचं नाव ही बाई एका सकाळीत मातीत घालणार, आणि तेसुद्धा दोन महिन्यांत बऱ्या होणाऱ्या डोळ्यासाठी. माझ्या नवऱ्याला मी म्हटलं, "तुमच्या आईला सांगा काहीतरी." तो म्हणाला, "एकतीस वर्षांत मी काही सांगितलंय का?" हा असला नवरा.

शुक्रवारी सकाळी फळा बघायला सगळे पोल्ट्रीवाले येतात. वीस-बावीस जण ओट्यासमोर उभे होते. ड्रिलबाईही आल्या होत्या, बारा ट्रे घेऊन. "टेम्पो येईपर्यंत तरी त्या अंडी देणारच," असं त्या कोणालातरी सांगत होत्या. साहेब आत फायलीत डोकं घालून बसले. सासूबाई ओट्यावर आल्या, ओल्या फडक्याने ड्रिलबाईंच्या नावापुढचा आकडा पुसला आणि वळल्या.

"ड्रिलबाईंच्या तीन खेपांना मी दोन नंबर दिला," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच होता. "तिन्ही वेळा माल एक नंबर होता. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पांढऱ्या अंड्यात मला जो धूर दिसला तो माझ्या डोळ्यातला होता. अंडं फिरवून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी फिरवलं नाही. मला वाटलं, मला काय गरज आहे? ड्रिलबाई, कोंबड्यांत काही दोष नाही. चूक माझी आहे."

 मग मागून एक जाडसर पोल्ट्रीवाला पुढे आला. त्याला मी ओळखून आहे, जत्रेतल्या तराजूलाही तो दोष देईल. "मग माझ्या मे महिन्यातल्या मालाचं काय हो, बाई? तोही डोळ्यातलाच का?"

"तुझी अंडी तपकिरी," सासूबाई म्हणाल्या. "ती मला आजही स्वच्छ दिसतात. आणि मे महिन्यात ती वाईटच होती, आठ दिवस घरात ठेवून आणली होतीस."

लोक हसले. तोही हसला, कारण ते खरं होतं. मी मात्र ड्रिलबाईंकडे बघत होते. त्या हसल्या नव्हत्या. सासूबाईंनी खोलीची किल्ली पदरातून सोडली आणि साहेबांच्या दाराकडे निघाल्या.

"बाई," ड्रिलबाई म्हणाल्या. शाळेच्या मैदानावरचाच आवाज. सासूबाई जागच्या जागी थांबल्या. "किल्ली कुठे नेताय? माझा माल तपासायचा राहिलाय."

"नवा माणूस येईपर्यंत साहेब बघतील."

"साहेबांना शिजलेलं आणि कच्चं यातला फरक कळतो का ते आधी विचारा. डावा डोळा चांगला आहे ना? मग डाव्याने तपासा. मी थांबते."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. काय करू, असं त्यांच्या चेहऱ्यावर मी नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. माझ्या रागाचं काय झालं कोण जाणे, मी ड्रिलबाईंचे सहा ट्रे उचलले आणि पडद्याकडे चालू लागले. उरलेले सहा त्या जाड्या पोल्ट्रीवाल्याने उचलले.

बारा ट्रेंना त्यांना एरवी बारा मिनिटं लागायची. त्या दिवशी तास गेला. एका हाताने उजवा डोळा झाकायचा, दुसऱ्या हाताने एकच अंडं धरायचं, सावकाश फिरवायचं, शेजारच्या अंड्यावर हलकेच वाजवायचं, ठेवायचं आणि पुढचं घ्यायचं. मी शेजारी ट्रे सरकवत होते. कपाळावरून घाम ओघळला तरी त्यांनी डोळ्यावरचा हात काढला नाही, मीच पदराने पुसला. बाहेर बावीस माणसं आपापला माल घेऊन थांबली होती आणि एकानेही किती वेळ म्हणून विचारलं नाही. मला तेव्हा त्या बाईचा इतका अभिमान वाटला की ती माझी सासू आहे हेही चालून गेलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सासूबाईंच्या हातात एक वाडगा होता. तो त्यांनी ड्रिलबाईंपुढे धरला. आत चार अंडी होती.

"तीनशे साठातली चार बाद. तीन तडकलेली आहेत, एकात रक्ताचा ठिपका आहे. बाकी एक नंबर."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. निदान आजच्या दिवस तरी! तीन खेपांची माफी मागितलेल्या बाईच्या तोंडावर तिचीच चार अंडी काढून ठेवायची?

ड्रिलबाईंनी दोन अंडी उचलली, कानाशी एकमेकांवर वाजवली. आवाज बसका आला. मग पिशवीतून फोन काढला आणि कोंबडीवाल्याला टेम्पो आणू नको म्हणून सांगितलं. तो पलीकडून काहीतरी विचारत होता, पण त्यांनी फोन ठेवून दिला.

"बारा ट्रेंमधून एकही काढलं नसतंत ना," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "तर तुम्ही माझं मन राखताय असं समजून कोंबड्या मी आज विकल्याच असत्या."